जुन्या डिझेल ट्रकची ओढ परत कशी मिळवावी

काही लाख किलोमीटर धावलेला जड ट्रक चढावर पूर्वीसारखा ओढत नाही, असे लक्षात आले की अनेकांचा हात पहिल्यांदा पंपाच्या स्क्रूकडे जातो. डिझेल वाढवले की काळा धूर वाढतो, काही दिवस जोर आल्यासारखा वाटतो आणि पुढे कधीतरी पिस्टन नाही तर टर्बो जातो. इंजिन मूळ ताकदीपेक्षा कमी ताकद देत असेल, तर ती हवेत, इंधनात, कॉम्प्रेशनमध्ये किंवा चाकांच्या घर्षणात कुठेतरी गळत असते. ही गळती बुजवल्याशिवाय वरून डिझेल ओतणे म्हणजे भोक पडलेल्या टाकीत पाणी भरत राहणे होय. म्हणून या लेखाचा बराचसा भाग हरवलेली ताकद शोधण्यावर खर्च केला आहे आणि ताकद वाढवण्याचा विषय शेवटी घेतला आहे. पुढील विवेचन मेकॅनिकल इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी एका ओळीत वेगळा प्लंजर असलेला इंधनपंप), टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) आणि हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकला धरून आहे. कॉमन रेल इंजिनाला, म्हणजे एकाच दाबनळीतून सर्व नोझलांना डिझेल देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाला, त्यातला इंधनपंपाचा, नोझलचा आणि डिझेल वाढवण्याच्या स्क्रूचा भाग सोडून बाकी बहुतेक लागू पडते.

आधी मोजमाप, मग पाना

कोणताही नट सैल करण्यापूर्वी ट्रकची आजची स्थिती वहीत नोंदवावी. नेहमीच्या रस्त्यावरचा एक लांब चढ निवडावा आणि ठरावीक वजन भरून, ठरावीक गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून तो चढ किती मिनिटांत पार होतो आणि वर पोहोचताना वेग किती उरतो, हे लिहून ठेवावे. त्याच वेळी पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि टर्बोचा बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) यांची नोंद घ्यावी. बूस्ट गेज आणि टर्बोच्या आधी बसवलेले एक्झॉस्ट तापमानाचे गेज या दोन उपकरणांवरचा खर्च मला जुन्या ट्रकवरील सर्वांत शहाणा खर्च वाटतो, कारण ती नसताना केलेले प्रत्येक निदान अंदाजाचेच राहते.

धुराचा रंगही नोंदवावा. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर म्हणजे एक तर डिझेल न जळता वाफ होऊन बाहेर पडत आहे किंवा कूलंट सिलिंडरमध्ये शिरत आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर गरम झाल्यावर थांबत असेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन यांवर संशय घ्यावा. तो गरम इंजिनातही टिकत असेल, त्याला गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. धूर अजिबात नाही आणि ओढही नाही, अशी अवस्था असेल तर इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसे पोहोचत नाही, असे बहुतेक वेळा निघते.

यानंतरची तपासणी इतकी साधी आहे की ती सर्रास राहून जाते. एका माणसाने केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का, ते पाहावे. मी पाहिलेल्या एका ट्रकची नोझले बदलून झाली होती, टर्बो उतरवून तपासून झाला होता आणि दोष निघाला तो पेडलखाली दुमडून बसलेल्या जाड रबरी मॅटमध्ये. झिजलेल्या लिंकेजमुळेही लिव्हर तसाच अलीकडे थांबतो.

हवेचा मार्ग

एअर फिल्टर नुसता डोळ्यांनी पाहून बदलू नये. त्यावरचा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर पाहावा. टर्बो असलेल्या जड इंजिनांत फिल्टरमागचा ओढ-दाब साधारण ६३५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा झाला की फिल्टर बदलण्याची वेळ आली, असे मानतात. हवा मारून फिल्टर पुन्हा पुन्हा साफ करण्याची सवय मात्र सोडावी. जोराच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि त्यांतून शिरलेली बारीक धूळ टर्बोची पाती आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) दोन्ही घासून टाकते. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी होजला आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली तर फिल्टरनंतर कुठेतरी भेग आहे आणि ती भेग शोधेपर्यंत बाकीची कामे थांबवावीत.

टर्बोनंतरच्या भागात हवा आत शिरण्याऐवजी बाहेर गळते. इंटरकूलर (टर्बोमधून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी), त्याचे होज आणि क्लॅम्प यांची परीक्षा दोन्ही टोके बूच लावून घट्ट बंद करून, रेग्युलेटरमधून मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाची हवा भरून आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून करावी. दाबाने बूच उडू शकते, म्हणून ते साखळीने बांधावे आणि त्याच्या समोर उभे राहू नये. जुन्या इंटरकूलरमध्ये टाकी आणि नळ्या यांच्या जोडाला बारीक तडे जातात. अशी गळती असली की बूस्ट कमी मिळतो, धूर काळा होतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. गाडीवाला तेव्हा नोझलला दोष देत राहतो.

टर्बोची तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना करावी. शाफ्ट बोटांनी फिरवावा, तो कुठेही न अडकता फिरायला हवा. शाफ्ट आडवा हलवला तर किंचित खेळ जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगण्यासाठीच बनवलेला असतो. मात्र पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील किंवा शाफ्ट पुढे-मागे स्पष्ट हलत असेल, तर टर्बो दुरुस्तीस काढावा.

हवेचा विचार करताना बाहेर जाणारा मार्ग विसरू नये. जुन्या ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचे फुलपाखरू गंजून अर्धवट मिटलेल्या स्थितीत अडकते आणि ट्रक कायम ब्रेक लावून चालल्यासारखा वागतो. सायलेन्सरच्या आतला पत्रा सुटून वाट अडवतो, तेव्हाही तसेच होते.

इंधन: टाकीपासून नोझलपर्यंत

इंधनाची तपासणी टाकीपासून सुरू करून क्रमाने पुढे न्यावी. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि तासाभराच्या धावेनंतर गाडीचा जोर कमी होऊ लागतो. झाकण सैल करताच फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष सापडला. टाकीतल्या सक्शन पाइपच्या तोंडाची जाळी गाळाने भरलेली असू शकते. वॉटर सेपरेटरमधले पाणी रोज सकाळी, ट्रक रात्रभर उभा राहिल्यानंतर, काढावे, कारण तोवर पाणी तळाशी बसलेले असते. पंपाच्या प्लंजरचे आणि नोझलच्या सुईचे वंगण डिझेलच करते. पाण्यात ते सामर्थ्य नाही, म्हणून थोडेसे पाणीही पंपाचे आयुष्य झपाट्याने कमी करते. डिझेलमध्ये पेट्रोल किंवा केरोसीन मिसळण्याचे दुष्परिणामही याच जातीचे आहेत.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा लहान पंप) या भागात गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे ही गळती डोळ्यांना दिसत नाही. फीड पंपाच्या आधी आणि नंतर तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे दिसले की प्रत्येक जोड, विशेषतः बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जाते अशा बोल्टचे) तांब्याचे वॉशर, बदलत जावे. वापरलेले वॉशर दाबले जाऊन कठीण झालेले असतात, ते पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. जुन्या पंपांतील रबरी सील कमी गंधकाच्या आधुनिक डिझेलमध्ये आकसून गळू लागतात. अशा वेळी पंप उघडला असतानाच नव्या इंधनाला टिकणाऱ्या सामग्रीचे सील बसवून घ्यावेत.

फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याची पद्धत नीट पाळावी. ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा आणि फेसाळ डिझेल संपून स्वच्छ धार येईपर्यंत थांबू नये. मग प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळावा. आधी फिल्टरचा, मग पंपाचा, हा क्रम ठेवावा. तरीही इंजिन चालू होत नसेल तर नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर फिरवावा आणि डिझेल दिसताच नट आवळावेत.

इंधन फिल्टरपर्यंत नीट पोहोचत असूनही ओढ कमी असेल, तर पंपाच्या गॅलरीतला, म्हणजे प्लंजरांना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीतला, दाब पूर्ण भाराखाली मोजावा. रिटर्न लाइनवरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग वर्षानुवर्षांच्या वापराने मऊ होते, डिझेल पंपाच्या प्लंजरपर्यंत पुरेशा दाबाने न जाता टाकीत परत पळते आणि हा लहानसा भाग बदलल्यावर ट्रक एकदम तरुण झाल्यासारखा वाटतो. असाच दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे पंपाच्या डोक्यावरचा बूस्ट कॉम्पेन्सेटर. इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्याच्याकडे येते. बूस्ट वाढला की आतला पडदा दाबला जातो आणि पंप पूर्ण डिझेल देऊ लागतो. ही नळी तडकली किंवा पडदा फाटला, तर पंपाला बूस्ट कळतच नाही आणि तो जपून डिझेल देत राहतो. लहान हातपंपाने नळीत माफक दाब भरून तो टिकतो का, हे दोन मिनिटांत पाहता येते.

नोझलांची परीक्षा टेस्टरवरच करावी. मेकॅनिकल नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडतात, नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. उघडण्याचा दाब, फवाऱ्याची बारीक धुक्यासारखी फोड आणि बंद झाल्यावर टोक कोरडे राहणे, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी आतली ऊती मरू लागते आणि ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते. नोझल बसवताना जुना तांब्याचा वॉशर खाली चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझलचे टोक वर राहते आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडत नाही.

पंपाचे टायमिंग मागे पडलेले असेल तर पांढरा धूर, जड सुरुवात आणि गरम एक्झॉस्ट ही लक्षणे दिसतात. पुढे सरकलेले असेल तर इंजिन कडक ठोकते. ते कानाने जुळवण्याची परंपरा मोठी असली तरी स्पिल पद्धतीने (पंपातून येणारी डिझेलची धार थांबते तो क्षण पाहून) आणि फ्लायव्हीलवरच्या खुणांनीच जुळवावे.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट जुळवणे, हे असे काम आहे की ज्यात पैसे जवळपास लागत नाहीत आणि फायदा मात्र लगेच दिसतो. फट कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि व्हॉल्व्हची कडा जळते. फट जास्त असेल तर आवाज येतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि इंजिनाचा श्वास आखूड होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापून अधिक लांबतो, म्हणून त्याची फट सहसा इनलेटपेक्षा जास्त ठेवतात.

सहा सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बहुधा १-५-३-६-२-४ असतो. यात १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४ हे पिस्टन जोडीने वर येतात. प्रत्येक जोडीची बेरीज ७ होते, हे लक्षात ठेवले की पुस्तक उघडावे लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना क्रँक त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवावा. ६ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनलेट उघडू लागत असेल, म्हणजे दोन्ही रॉकर एकाच वेळी डुलत असतील, त्या क्षणी थांबावे. तेव्हा १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर असतो आणि त्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात, ते सेट करावेत. मग क्रँक १२० अंश फिरवावा. आता २ नंबर डुलतो आणि ५ नंबर सेट होतो. याच रीतीने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्यांत सहाही सिलिंडर पूर्ण होतात. फिलर गेज हलक्या ओढीने सरकला पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यानंतर फट पुन्हा तपासावी, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर सपाट गेज त्या खड्ड्यावरून जातो आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा मोठी राहते. असा रॉकर बदललेला बरा.

कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरांचे मोजावे आणि एखाद्या आकड्यापेक्षा त्यांच्यातल्या फरकाकडे जास्त लक्ष द्यावे. एकच सिलिंडर मागे असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, शेजारचे दोन मागे असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट, असा तर्क सहसा बरोबर ठरतो. ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) जोरात धूर येत असेल तर रिंगा गेल्या, असे एकदम ठरवू नये. झिजलेला टर्बो सील आणि हवेचा कॉम्प्रेसर हेही क्रँककेसमध्ये दाब सोडतात. ते दोन्ही वेगळे करून पाहिल्याशिवाय इंजिन उघडण्याचा निर्णय घेऊ नये.

ऑइल आणि पाणी

ऑइलचा दर्जा आणि बदलण्याचे अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवावे. जुन्या इंजिनाला जाड ऑइल घालून दाब वाढलेला दाखवण्याचा उपाय फसवा आहे, कारण गेजवर दाब दिसतो पण थंड सकाळी टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल उशिरा पोहोचते. शक्य असेल तेथे ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. सिलिकॉन वाढलेले असेल तर धूळ शिरत आहे, शिसे आणि तांबे वाढले तर बेअरिंग झिजत आहेत, सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत आहे. लांब चढानंतर इंजिन लगेच बंद न करता तीन ते पाच मिनिटे संथ चालू द्यावे, म्हणजे टर्बोमधले ऑइल जळून कोळसा होत नाही.

कूलंटच्या बाबतीत वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारा लायनर) असलेल्या इंजिनांना एक विशेष धोका असतो. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांच्या माऱ्याने लोखंडाला सुईएवढी भोके पडत जातात. साधे पाणी घालून चालवलेल्या इंजिनात ही भोके कालांतराने आरपार होतात. योग्य अ‍ॅडिटिव्ह असलेला कूलंट लायनरवर संरक्षक थर धरतो, म्हणून त्याची तीव्रता चाचणीपट्टीने तपासत राहावी. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा तर दुप्पट तोट्याचा सौदा आहे. इंजिन मग कायम थंड चालते, डिझेल जास्त पिते आणि लायनर लवकर झिजतात. तापण्याचे कारण बहुधा रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मध्ये अडकलेल्या किडे-कचऱ्यात असते. तो मंद दाबाच्या पाण्याने, पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवावा.

इंजिनाबाहेर हरवणारी ताकद

इंजिनाने दिलेली ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते का, हे पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. पंधरा-वीस किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक लावून चालवावे, थांबावे आणि प्रत्येक हबचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. एखादा हब इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तेथे ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग आवळलेले आहे. अडकलेला स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील जुळवणारा लिव्हर), गंजलेला ब्रेक कॅमशाफ्टचा बुश आणि हवेचा दाब अपुरा असल्यामुळे पूर्ण न सुटणारा स्प्रिंग ब्रेक, ही नेहमीची कारणे होत. स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरमधली स्प्रिंग प्रचंड ताकदीने दाबलेली असते. तो चेंबर केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या बोल्टने) बांधल्याशिवाय उघडू नये. तसेच नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रकखाली शिरू नये आणि केबिन उचलली की तिचा लॉक बसला आहे, याची खात्री करावी.

टायरचा दाब थंड असताना मोजावा. जोडचाकांत दोन्ही टायरांचा घेर जुळत नसेल तर एक दुसऱ्याला फरफटत नेतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील तर गिअरिंग उंच होते आणि निरोगी इंजिनही चढावर दमल्यासारखे वाटते. मागचे दोन एक्सल एकमेकांना समांतर आहेत का, हे पाट्यांचे बुश बदलल्यानंतर नक्की मोजून घ्यावे. वरच्या गिअरमध्ये पेडल दाबल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे.

आता वाढ

इतके सर्व झाल्यावर ट्रक पुन्हा त्याच चढावर न्यावा. बहुतेक मालकांची गरज इथेच भागलेली असते. यापुढे जायचे असेल तर पंप आणि नोझल एकत्र टेस्ट बेंचवर मूळ मापाला आणून घ्यावेत, म्हणजे सहाही सिलिंडरांना समान डिझेल मिळेल. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळत असताना एकूण डिझेल वाढवले, तर आधीच भुकेला सिलिंडर तसाच राहतो आणि आधीच तापलेला वितळतो.

टर्बो आहे पण इंटरकूलर नाही, अशा इंजिनात इंटरकूलर जोडणे ही सर्वांत सुरक्षित वाढ समजावी. टर्बोमधून निघालेली हवा १३० अंश सेल्सिअसची असेल आणि इंटरकूलरने ती ५५ अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. तितके जास्त डिझेल जाळूनही ज्वलन स्वच्छ राहते आणि तापमान काबूत राहते.

डिझेल वाढवण्याचा स्क्रू सर्वांत शेवटी आणि एका वेळी एक अष्टमांश फेराच फिरवावा. प्रत्येक वेळी पूर्ण भाराने चढ चढून टर्बोच्या आधीचे एक्झॉस्ट तापमान पाहावे. सतत भाराखाली ते ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या आत राहिले पाहिजे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे आणि दोन स्फोटांमध्ये येणाऱ्या थंड हवेमुळे, म्हणून इथे हातात राखीव असे फारसे काही नसते. धूर काळा राहू लागला की मागे यावे, कारण त्यापुढचे डिझेल ताकद न देता उष्णता आणि काजळी देते. वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियल यांना सोसावा लागतो, आणि त्यांतला सर्वांत कमजोर भाग किती टॉर्कसाठी बनवलेला आहे, हीच वाढीची खरी मर्यादा ठरते. ट्रक जेथे नोंदलेला आहे तेथील प्रदूषणाचे आणि बदलांच्या परवानगीचे नियम आधी पाहावेत, विम्याच्या अटीही वाचाव्यात.

स्क्रू अंतिम जागी आल्यावर लॉकनट आवळून त्यावर रंगाची रेघ मारावी, म्हणजे पुढे कोणी तो हलवला तर लगेच कळेल. नवी मापे वहीत पहिल्या मापांशेजारी लिहावीत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर इंटरकूलरचे सर्व क्लॅम्प पुन्हा आवळावेत, कारण गरम-थंड होताना नवा रबरी होज दबतो आणि वाढलेल्या बूस्टला हेच जोड सर्वांत आधी सुटतात.